कुपी नंबर अकराशे सत्तेचाळीस

सुभद्राला अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र येत होते. घोडपदेवच्या चाळीत बारा वर्षं तिनं खाणावळ चालवली होती. रोज सकाळी बावीस डबे गिरणीच्या गेटावर जायचे आणि प्रत्येक डब्याच्या झाकणावर तांबड्या रंगात तिकीट नंबर. गिरणीत माणसाला नाव नसतं. मुकादम हाक मारतो ती नंबराला, रजा मिळते ती नंबराला, आणि मशीनीत हात गेला तर बातमी येते तीही नंबराचीच. गणपत म्हटलं की चाळीत सात जण ओ देतील. नऊशे दोन म्हटलं की एकच. कोणाला भात जास्त लागतो, कोणाला तिरफळाचा वास सोसत नाही, हे सुभद्राला नंबरासकट पाठ होतं. त्या बावीस डब्यांतला एक तिच्या स्वतःच्या पोराचा, राजारामचा. साचेखात्यात, मागावर होता. अकराशे सत्तेचाळीस.

हे आधी सांगायला हवं, कारण डॉक्टर गुरुदत्तांना हे ठाऊक नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, विलायतेत चार वर्षं काढून आलेला. पण भायखळ्याच्या पुलापलीकडे माणसांना नंबर असतात हे त्यांच्या कानावर कधी आलं नाही. अडाणीपणा काही फक्त गरिबांकडेच असतो असं नाही.

ठाकूरद्वाराच्या आतल्या गल्लीत भाऊसाहेब कमलाकांतांचं दुमजली घर होतं. खाली त्यांच्या भाच्याचं, म्हणजे डॉक्टर गुरुदत्तांचं, आठ खाटांचं खासगी इस्पितळ आणि वर भाऊसाहेब. राजाराम गेला तेव्हा सुभद्रानं खाणावळीची चूल विझवली ती विझवलीच. दुसऱ्यांची पोरं पानावर बसलेली तिला बघवेनात. शेजारची चंपा या इस्पितळात आया होती, तिनं हिला बाटल्या धुवायच्या कामाला लावून दिलं. सुया उकळायच्या, बाटल्या धुवायच्या, आणि सकाळी वर जाऊन भाऊसाहेबांना शहाळं फोडून द्यायचं. कोकणातली बाई ती, एका घावात फोडायची. भाऊसाहेबांना त्याचं भारी कौतुक.

आणि भाऊसाहेबांचं कौतुक अख्ख्या गिरगावाला. पंचावन्न साली हा माणूस अंथरुणाला खिळला होता, घरच्यांनी गंगेची लोटी उशाशी आणून ठेवली होती. छप्पनच्या उन्हाळ्यात तोच माणूस काठी टाकून जिना उतरला. केस मुळापासून काळे यायला लागले. दोन दाढा नव्या फुटल्या. सभांना जाऊन बसायला लागले, मग व्यासपीठावर बसायला लागले, मग बोलायलाच लागले. "संयुक्त महाराष्ट्र पाहिल्याशिवाय मी मरत नाही!" असं छाती ठोकून म्हणायचे आणि टाळ्यांनी गल्ली दणाणायची. लोक म्हणायचे, ध्येय असलं की माणूस म्हातारा होत नाही. सुभद्राही म्हणायची. कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं होतं, माझा मुलगा ह्याच कामी आला. भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो हात तिला पुढे फार आठवायचा.

इस्पितळाच्या मागच्या खोलीत डॉक्टरांचं यंत्र होतं. दुधातून साय काढायचं यंत्र असतं तसंच, पण काचेचं आणि जर्मनीहून आणलेलं. वर रक्त घातलं की ते घरघर फिरायचं आणि खालच्या नळीतून थेंब थेंब पिवळट, किंचित गढूळ पाणी उतरायचं. डॉक्टर त्याला सत्त्व म्हणायचे. कोवळ्या रक्ताचंच सत्त्व उतरतं, विशीच्या पुढच्या माणसाचं रक्त असलं की नुसतंच पाणी, असं ते कंपाउंडर शामरावांना एकदा सांगत होते. एका बाटली रक्ताच्या दोन-तीन कुप्या भरत आणि दर पौर्णिमेला भाऊसाहेबांच्या दंडात त्यातली एक जायची. सुभद्राला वाटायचं, असेल काहीतरी ताकदीचं औषध. मोठ्या घरातली औषधं मोठीच असायची.

कुप्या ठेवायच्या थंड कपाटाची किल्ली शामरावांकडे असे. एकोणसाठच्या मार्गशीर्षात शामराव काम सोडून गावी गेले, तेव्हा किल्ली कोणाला द्यायची हा प्रश्न आला. चंपा दोन इयत्ता शिकली होती, म्हणून तिला दिली नाही. सुभद्राला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला दिली. डॉक्टर हुशारच होते.

दुसऱ्याच दिवशी बर्फ खरवडायला तिनं कपाट उघडलं. तीन फळ्यांवर कुप्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर पांढरा कागद आणि कागदावर डॉक्टरांच्या वळणदार अक्षरात आकडा. नऊशे दोन. तेराशे दहा. सातशे एकोणसाठ. सुभद्राला आधी हसूच आलं. परक्या गावात आपल्या वाडीतली माणसं भेटावीत तसं झालं. नऊशे दोनला भात जास्त लागायचा. तेराशे दहा काटे काढून द्या म्हणायचा, एवढा घोडा झाला तरी. मग तिसऱ्या फळीवर, डावीकडून चौथी कुपी. अकराशे सत्तेचाळीस.

ती तिथंच फरशीवर बसली. कपाटाचं दार उघडंच राहिलं आणि गार हवा तिच्या अंगावर येत राहिली.

छप्पनच्या जानेवारीत शहर पेटलं होतं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं वरून ठरलं आणि लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. गोळ्या सुटत होत्या, जखमींना रक्त हवं होतं. चाळीच्या व्यायामशाळेचा सेक्रेटरी गुणाजी, त्यानं पोरांना हाक दिली. गिरगावातून एक डॉक्टर स्वतःच्या मोटारीतून फुकट रक्त काढायला आले. लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. सुभद्रा तेव्हा चुलीपाशी होती, तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. एकेचाळीस पोरं आखाड्याच्या मातीवर ओळीनं निजली. नावं लिहायची नाहीत, नावं लिहिली तर पोलीस दारात येतील, तेव्हा बाटलीवर तिकीट नंबर घाला, असं गुणाजीनंच पोरांना बाजूला घेऊन सांगितलं आणि चिठ्ठ्या स्वतः चिकटवल्या. राजाराम एकोणीस वर्षांचा. घरी येऊन हसत हसत म्हणाला, "आये, बाटलीभर काढला रगत. आज माका दोन तुकडे जास्ती घाल." तिनं तीन घातले.

त्याच दुपारी लालबागच्या नाक्यावर त्याच्या मांडीत गोळी शिरली. परळच्या मोठ्या इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, रक्त मिळालं तर पोरगा वाचेल. पण व्यायामशाळेच्या एकेचाळीस बाटल्यांतल्या तिथं नऊच पोचल्या होत्या आणि त्या केव्हाच संपल्या होत्या. बाकीच्या येतायत, असं सगळे म्हणत होते. संचारबंदीत नवा रक्त देणारा कुठून येणार? राजाराम दिवेलागणीपर्यंत टिकला. शेवटी तो पाणी मागत होता आणि सुभद्रा दरवाजाकडे बघत होती, बाटल्या घेऊन कोणी येतंय का म्हणून.

बाटल्या इथं आल्या होत्या. ठाकूरद्वाराला.

डॉक्टरांनी ते आकडे कुठल्यातरी इस्पितळी हिशेबाचे समजून जपून ठेवले होते, बाटलीवरून कुपीवर न चुकता उतरवले होते. शिस्तीचा माणूस. नावं असती तर त्यानं पहिल्या दिवशीच खरडून काढली असती.

पहिल्या रविवारी सुभद्रा गुणाजीकडे गेली आणि कपाटातले सगळे नंबर तिनं त्याला एकामागून एक म्हणून दाखवले. गुणाजीचा चेहरा पांढराफटक पडला. त्यातला एक नंबर त्याच्या धाकट्या भावाचा होता. त्यानं उठून दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "वयनी, आत्ता नको."

"आत्ता नको म्हणजे?"

"चार-पाच म्हयन्यांत राज्य होतला. झेंडो लावूक आमी भाऊसाहेबांकच बोलवलाव. त्याच दिवशी त्यांचो सत्कार. आता ह्या भायर पडला तर लोक काय म्हणतले? चळवळीक बट्टो लागतलो. राज्य होऊ दी, मगे बघूया."

"माझ्या झिलाचा रगत हा ता, गुणाजी."

"माका कळता वयनी. पण राजाराम कशासाठी गेलो? ह्याच्यासाठीच ना?"

गुणाजी वाईट माणूस नव्हता. म्हणूनच सुभद्राला त्याचा इतका राग आला. वाईट माणसाशी भांडता येतं, चांगल्या माणसाच्या तोंडून असलं काही निघालं की घरी परत यावं लागतं.

पण न्याय करायचा तर दोन्ही बाजू ऐकाव्यात, एवढं तिला कळत होतं. भाऊसाहेबांना माहीत नसेल तर? भाच्यानं मामाला अंधारात ठेवलं असेल तर? सोमवारी सकाळी शहाळं फोडून देताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊसाहेब, तुमचं ते पुनवेचं औषध कशाचं असतं?"

भाऊसाहेब खुशीत होते. पाणी पिऊन, मिशी पुसून म्हणाले, "कोणाला सांगायचं नाही हं. गुरुदत्त म्हणतो, परळ-लालबागची पोरं आहेत. मासे-भात खाऊन दांडगी झालेली. त्यांना काय, आठ दिवसांत रक्त भरून येतं."

"नावं काय त्यांची?"

"नावं मी विचारत नाही, बाई." ते हसले. नव्या दाढा दिसल्या. "पापलेटाला नाव विचारलं तर घास उतरेल का घशाखाली?"

मासे-भात. तो भात तिनं वाढला होता. पहाटे चारला उठून, धुरात डोळे फोडून, बारा वर्षं. त्या भाताचं पोरांच्या अंगात रक्त झालं होतं आणि त्या रक्ताच्या जोरावर हा म्हातारा दाढा दाखवून हसत होता. सुभद्रानं रिकामं शहाळं उचललं. त्याच्या तळाशी घोटभर पाणी राहिलं होतं. पिवळट, किंचित गढूळ.

तिनं ते पाणी खाली नेऊन एका रिकाम्या कुपीत ओतलं आणि नऊशे दोनच्या शेजारी धरून पाहिलं. मग तिला काय करायचं ते कळलं.

सत्तावीस कुप्या उरल्या होत्या. तीन दिवस दुपारी डॉक्टर जेवून पडले की ती मोरीवर बसायची. रबराचं बूच काढायचं, सत्त्व मोरीत ओतायचं, कुपी धुवायची, उकळून मलमलीतून गाळलेलं शहाळ्याचं पाणी भरायचं, बूच लावायचं, कागद जसाच्या तसा. ओतताना ती प्रत्येक नंबर म्हणायची, गेटावर म्हणायची तसाच, पण ओठांतल्या ओठांत. पोरांनी दिलेलं ते, कोणासाठी का होईना मनापासून दिलेलं, आणि ते मोरीतून चाललं होतं. पण ते त्या दंडात जाण्यापेक्षा मोरी बरी.

अकराशे सत्तेचाळीस मात्र तिच्यानं ओतवली नाही. ती तिनं फडक्यात गुंडाळून बर्फाच्या ट्रेमागे सरकवली आणि एक कुपी धुताना फुटली म्हणून डॉक्टरांना सांगितलं. वेंधळी म्हणून बोलणी खाल्ली. खाली मान घालून खाल्ली.

पौषी पौर्णिमेला भाऊसाहेबांच्या दंडात पहिलं शहाळं गेलं. महिनाभर काहीच झालं नाही आणि सुभद्राचा जीव खालीवर होत राहिला. माघात त्यांच्या केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलं. होळीला गुडघे धरले. पाडव्याला नव्या दाढांतली एक पोळीबरोबर ताटलीत पडली आणि भाऊसाहेब तिच्याकडे बघतच बसले. चार वर्षं दाराबाहेर थोपवून धरलेलं म्हातारपण आता दर आठवड्याला वर्षभराचं येत होतं. कान गेले, मग डोळे. डॉक्टर घाबरून एकाच्या दोन, दोनाच्या तीन कुप्या टोचायला लागले. तीन कुप्या शहाळ्याचं पाणी. त्यानं लघवी साफ होत असेल, दुसरं काय होणार?

सुभद्राला बरं वाटत होतं का? वाटत होतं. खोटं कशाला सांगा. रोज वर जाऊन ती त्यांची उशी नीट करायची, तोंड पुसायची, आणि कालच्यापेक्षा आज कातडी किती सैल झाली ते बघायची. तिनं त्यांचा एकही दिवस घेतला नव्हता. जे त्यांचं नव्हतं ते देणं फक्त थांबवलं होतं. गल्लीच्या मंडळानं एक मेला त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा धरला होता, हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस म्हणून. त्या हजारांतले शेवटचे पन्नास चंद्र त्यांचे नव्हतेच. त्या पोरांचे होते ते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी एक कुपी उघडून थेंब जिभेवर ठेवला. गोड लागला. ते तसेच मोरीवर आले. सुभद्रा बाटल्या धूत होती.

"सुभद्राबाई, तुम्ही काय केलंत हे?"

"शहाळ्याचं पाणी घातलं साहेब. वर रोज तेच देते."

"हा खून आहे! कळतंय तुम्हाला? खून!"

"मग पोलिसांना बोलवा. नाक्यावर चौकी हाय." तिनं हातातली बाटली उपडी घातली. "काय सांगाल त्यांना? ऐंशी वर्षांचा म्हातारा म्हातारा झाला म्हणून?"

मग तिनं त्यांना नंबरांचा अर्थ सांगितला. एकेक नंबर, एकेक पोर, आणि शेवटी अकराशे सत्तेचाळीस कोण, तो कधी गेला आणि कशानं गेला. डॉक्टर मोरीच्या कट्ट्यावर बसले. कोट ओला झाला तरी उठले नाहीत.

"मी सहा वर्षांचा असताना वडील गेले," ते म्हणाले. "मामांनी वाढवलं मला. त्या दिवशी मोटारीत एकेचाळीस बाटल्या होत्या आणि वर मामा शेवटचे श्वास मोजत होते. नऊ दिल्या मी. मला वाटलं, इस्पितळांना काय, रक्त देणारे खूप आहेत. कोणी त्यावाचून मेलं असेल हे मला ठाऊक नव्हतं."

"विचारलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मग ते हळूच म्हणाले, "बाई, ती कुपी फुटलेली नाही. फुटलेली काच मला कुठेच दिसली नव्हती. कुठे आहे ती? एका कुपीनं आठ दिवस मिळतील. जास्त मागत नाही मी. फक्त एक तारीख. तेवढं पाहू दे त्यांना, मग मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

सुभद्रानं पुढची बाटली धुवायला घेतली. संध्याकाळी वरून बोलावणं आलं. डॉक्टरांचं बोलणं भाऊसाहेबांना आता ऐकू येत नव्हतं, त्यांनी सगळं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून डोळ्यांजवळ धरलं होतं. ऐकू यायचा तो एक सुभद्राचा आवाज. गिरणीच्या भोंग्यावरून पलीकडे नंबर ओरडून कमावलेला आवाज होता तो.

भाऊसाहेबांनी तिचा हात चाचपून धरला. त्यांच्या हाताला वजनच नव्हतं. "तुझ्या मुलाचं ना गं ते?" ते म्हणाले. "त्यालाही हा दिवस पाहायचा होता ना? मग ते माझ्या अंगात असेल तर मी पाहीन तेव्हा तोच पाहील. नाहीतर त्याचं काय उरलंय दुसरं? विचार कर, बाई."

हलकट म्हातारा, पण बोलला ते काळजात घुसलं. तीन दिवस ते तिथून निघेना. कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला होती, डॉक्टरांनी ती हिसकावून घेतली नाही. सुभद्रा कपाट उघडायची, फडकं सोडायची, कुपी मुठीत धरायची. गार लागायची. राजारामला विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं? देऊन टाक, आये, म्हटलं असतं. म्हातारा माणूस हा, एक दिवस बघूक मागता, दी. आखाड्याच्या मातीवर निजून हसत रक्त दिलं त्यानं, आताही हसत दिलं असतं. हीच तर सगळी आग होती. कोणी येऊन मागितलं असतं तर त्यानं दिलं असतं, त्या एकेचाळीसांतल्या प्रत्येकानं दिलं असतं. मागायला कोणी आलंच नाही. आजसुद्धा म्हातारा कुपी मागत होता, क्षमा मागत नव्हता.

चौथ्या दिवशी तिनं फडक्याची गाठ मारली ती पुन्हा सोडली नाही. डॉक्टरांना सांगितलं, "नाय साहेब."

एक मे रविवारी आला. सकाळपासून गिरगाव गुलालानं माखलं होतं. गल्लीतून प्रभातफेरी गेली, मग लेझीम आलं, मग ढोल. दाराशी भाऊसाहेबांच्या सत्काराचा मांडव रिकामाच उभा होता. त्यांच्या हातून लावायचा झेंडा आता व्यायामशाळेत गुणाजीच लावणार होता. वरच्या खोलीत भाऊसाहेब उशीत बुडून पडले होते. डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता. ओळखू येण्यासारखं त्यांचं काही राहिलं नव्हतं, एक मिशी सोडली तर.

ढोल खिडकीखाली आला तशी खाट थरथरली. भाऊसाहेबांनी खाटेच्या कडेवर तळवा ठेवला.

"काय आहे?" ते म्हणाले. "मिरवणूक का? झालं का गं? झालं का राज्य?"

डॉक्टर पलीकडे उभे होते. त्यांनी हात जोडले. "सांगा हो त्यांना. माझं ऐकू जात नाही. एवढा एक शब्द सांगा, सुखानं जातील."

"माझ्या पोराला कोणी सांगितला होता?" सुभद्रा म्हणाली.

ती वाकली. म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. त्या कानाला लहान पोराच्या कानासारखा तेलाचा वास येत होता आणि तेवढ्यापुरतं तिला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बोलायचं ते बदललं नाही.

"नाय भाऊसाहेब," ती म्हणाली. "अजून नाय. पाण्याचा बंब गेला रस्त्यानं."

"होईल ना?"

"बघू."

डॉक्टर पाटी आणायला धावले. पाटीवर लिहून त्यांनी ती मामांच्या डोळ्यांसमोर धरली, अगदी नाकाला लागेपर्यंत. भाऊसाहेब त्या काळ्या पाटीकडे बघत राहिले आणि त्यांनी पुन्हा विचारलं, "झालं का?" डॉक्टर कानात ओरडले, "झालं मामा, झालं!" भाऊसाहेबांनी मान सुभद्राच्या बाजूला वळवली. तिच्याकडूनच त्यांना उत्तर हवं होतं.

"अजून नाय."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. तिनं तेच सांगितलं. साडेअकराच्या सुमाराला भाऊसाहेब गेले. तोंड अर्धवट उघडं होतं, विचारता विचारता राहून गेल्यासारखं. डॉक्टर खाटेशी बसून रडले. मग टेबलाशी जाऊन त्यांनी दाखला लिहिला आणि मृत्यूचं कारण म्हणून लिहिलं, वार्धक्य. चार वर्षांत त्या घरात लिहिलेला पहिला खरा शब्द असावा तो.

"तुमचं समाधान झालं?" लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. तेही खरंच होतं.

ती खाली गेली, कपाट उघडलं, बर्फाच्या ट्रेमागून फडकं काढलं आणि गाठ सोडली. कुपी घेऊन ती पुन्हा जिना चढून रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी आली आणि खिडकी सताड उघडली. खालून दुसरं लेझीमपथक चाललं होतं, लालबागकडचं. पोरं घामानं आणि गुलालानं लाल झाली होती आणि त्यांतली अर्धी एकोणीस-वीसचीच होती. सुभद्रानं कुपीवरचा कागद पदरानं पुसला. आकड्याची बाजू रस्त्याकडे केली आणि कुपी खिडकीबाहेर धरली.

"झाला रे झिला," ती म्हणाली. गेटावर हाक मारायची त्याच आवाजात, की खालची दोन-तीन पोरं वर बघायला लागली. "अकराशे सत्तेचाळीस! झाला रे. झाला एकदाचा."